जुना टीव्ही गेम चालू होत नाही? कन्सोल उघडण्याआधी अडॅप्टर तपासा

लॉकडाऊनमध्ये माळा आवरताना दादाचा टीव्ही गेम सापडला. नव्वदच्या दशकातला, पिवळ्या कॅसेटवाला, दोन रिमोट आणि एक बंदूक असलेला. सगळं होतं, फक्त अडॅप्टर नव्हता. मी काय केलं? वायफाय राऊटरचा अडॅप्टर काढला आणि लावून बघितला. पिन बरोब्बर बसली! स्विच ऑन केला. दिवा लागला नाही, पण दोन-तीन सेकंदांत जळका वास मात्र आला.

राऊटरचा अडॅप्टर १२ व्होल्टचा होता आणि त्याच्या पिनचा मधला भाग पॉझिटिव्ह होता. दादाच्या गेमला ९ व्होल्ट लागत होते आणि मधला भाग निगेटिव्ह. म्हणजे व्होल्टेज जास्त आणि तेही उलटं. दादाने शाळेत असताना पैसे साठवून घेतलेला गेम मी तीन सेकंदांत बंद पाडला. त्यानंतर मी या अडॅप्टरांच्या मागे लागलो आणि गेल्या काही वर्षांत मित्रांचे, नातेवाइकांचे बरेच जुने कन्सोल तपासले. यातले अर्ध्याहून जास्त "बिघडलेले" कन्सोल मुळात बिघडलेलेच नव्हते. त्यांचा पॉवर सप्लाय गेला होता.

पिन बसली म्हणजे जुळली असं नाही

आपल्याला सवय लागलीय ती मोबाईल चार्जरची. कोणाचाही टाइप-सी चार्जर घ्या, फोनला लावा, फार तर चार्जिंग हळू होईल. फोन जळत नाही, कारण फोन आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात. फास्ट चार्जरसुद्धा सुरुवातीला ५ व्होल्टच देतो आणि फोनने मागितलं तरच ९ किंवा त्याहून जास्त देतो. जुन्या अडॅप्टरमध्ये असलं काही बोलणं नाही. भिंतीत लावला की जे काही व्होल्टेज आहे ते पिनवर हजर, समोर कोण आहे याची चौकशी नाही.

त्यात त्या काळी कंपन्यांमध्ये एकवाक्यता नव्हती, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही नव्हती. निन्टेंडोचंच घ्या. १९८३ मध्ये जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर लागतो आणि पिनचा मधला भाग निगेटिव्ह. त्याचाच अमेरिकन अवतार म्हणजे १९८५ चा एनईएस. त्याचा मूळ अडॅप्टर चक्क ९ व्होल्ट एसी देतो, डीसी नाही! एसीचं डीसी करायचं काम एनईएसच्या पोटात होतं. दोघांची पिन मात्र सारखी. त्यामुळे एनईएसचा अडॅप्टर फॅमिकॉमला लावला की फॅमिकॉमच्या जिवावर बेततं. उलट एनईएसच्या आत चार डायोडचा ब्रिज असल्याने त्याला ९ व्होल्टचा डीसी अडॅप्टर कसाही लावा, सरळ किंवा उलटा, चालतो.

सेगाने तर आणखी गंमत केली. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला मधला भाग निगेटिव्ह लागतो, दुसऱ्या मॉडेलला पॉझिटिव्ह. निदान तिथे पिनची जाडी वेगळी ठेवली, पहिल्याची ५.५ मिमी आणि दुसऱ्याची ४.७५ मिमी, म्हणून चुकून अदलाबदल होत नाही. अटारी २६०० ला ९ व्होल्ट डीसी, पण पिन हेडफोनसारखी ३.५ मिमीची. ही पिन अडॅप्टर चालू असताना कधीच आत-बाहेर करू नका, कारण सरकताना टोक आणि बाजू क्षणभर शॉर्ट होऊ शकतात. निन्टेंडो ६४ च्या सप्लायमधून ३.३ आणि १२ असे दोन व्होल्टेज निघतात आणि त्याचा कनेक्टर फक्त त्यालाच बसतो, त्यामुळे तिथे चुकायला जागा नाही.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात "टीव्ही गेम" किंवा "व्हिडिओ गेम" म्हणून जे घरोघरी होतं, ते बहुतेक वेळा फॅमिकॉमचे नकली भाऊ. त्यांना साधारण ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पुष्कळदा मधला भाग निगेटिव्ह असतो. पण "पुष्कळदा" या शब्दावर विसंबून अडॅप्टर लावू नका. नक्की कसं ओळखायचं ते पुढे सांगतो.

आधी लक्षणं नीट बघा

काहीच होत नाही, दिवाही नाही, तर संशय अडॅप्टरवर. (मूळ फॅमिकॉमला पॉवरचा दिवाच नाही, तेव्हा तिथे दिवा शोधत बसू नका!) अडॅप्टरची वायर पिनजवळ हलवली की गेम चालू-बंद होतो, तर वायर आतून तुटलीय. हे सगळ्यात जास्त वेळा सापडतं, कारण मुलं गेम संपला की वायर गुंडाळून ठेवायची आणि घडी नेहमी त्याच जागी पडायची.

चित्र येतं पण त्यावर आडवे जाड पट्टे हळूहळू वर किंवा खाली सरकतात आणि आवाजात सतत "हंऽऽ" अशी घरघर असते? मग डीसी नीट गाळला जात नाहीये. आपली घरची वीज ५० हर्ट्झची, ब्रिजमधून गेल्यावर ती सेकंदाला १०० वेळा वरखाली होते आणि मोठा कपॅसिटर ते खड्डे भरून काढतो. वीस-तीस वर्षांत कपॅसिटरमधलं द्रव सुकतं आणि खड्डे उघडे पडतात. तेच खड्डे तुम्हाला टीव्हीवर दिसतात.

दहा-पंधरा मिनिटं बरा चालतो आणि मग आपोआप रीसेट होतो, तर गरम होणारा भाग शोधा. तो बहुतेक ७८०५ असतो.

आणि एक फसवं लक्षण. एनईएसचा लाल दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो, स्क्रीनही तसाच लुकलुकतो. लोक म्हणतात सप्लाय गेला. नाही! त्यातली कॅसेट ओळखणारी चिप कॅसेटशी संपर्क झाला नाही म्हणून कन्सोलला पुन्हा पुन्हा रीसेट करत असते. कॅसेटच्या पट्ट्या आणि आतला कनेक्टर साफ करायचा असतो. दिवा लागतोय म्हणजे वीज पोचतेय.

मल्टिमीटर घ्या, पण त्याचं सगळं खरं मानू नका

दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर या कामाला पुरतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा गावातल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो.

अडॅप्टर भिंतीत लावा, कन्सोलला लावू नका. मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल प्रोब पिनच्या भोकात, काळा बाहेरच्या धातूवर. आकडा नुसता आला तर मधला भाग पॉझिटिव्ह, आकड्यामागे वजा आला तर निगेटिव्ह. दोन्ही प्रोब एकमेकांना चिकटू देऊ नका.

आता गोंधळ इथे होतो. अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय आणि मीटर १३ दाखवतोय. बिघडला का? जड, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर असेल तर नाही. तो रेग्युलेटेड नसतो. त्यावर लिहिलेले ९ व्होल्ट म्हणजे पूर्ण लोड असतानाचे, मोकळा असताना तो १२ ते १४ पर्यंत सहज जातो. हलका, नव्या पद्धतीचा अडॅप्टर मात्र लोड असो-नसो, ९ च्या आसपासच दाखवायला हवा. तो १३ दाखवत असेल तर कचऱ्यात.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. मोकळा असताना छान १३ व्होल्ट दाखवणारा अडॅप्टरही मेलेला असू शकतो, कारण मीटर त्याच्याकडून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. म्हणून लोड द्यावा लागतो. मी १५ ओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर वापरतो (पांढरा, खडूसारखा दिसतो, दहा-वीस रुपयांना मिळतो). ९ व्होल्टवर तो साधारण ६०० मिलिअँपिअर खेचतो, म्हणजे जवळपास कन्सोलएवढाच. अडॅप्टरला तो जोडा, पाच सेकंदांत आकडा वाचा, लगेच काढा. तो चांगलाच तापतो, टेबलावरच्या प्लास्टिकवर ठेवू नका. ८५० मिलिअँपिअरचा अडॅप्टर ९ च्या आसपास राहिला तर उत्तम. ५-६ पर्यंत कोसळला तर त्यातला कपॅसिटर किंवा एखादा डायोड गेला.

मूळ एनईएसचा अडॅप्टर तपासताना मीटर एसीवर ठेवा. डीसीवर ठेवलात तर शून्य दिसेल आणि चांगला अडॅप्टर फेकून द्याल. आणि स्वस्त मीटरची एक खोड लक्षात ठेवा. त्याला एसी रेंजवर डीसी दाखवला तर पुष्कळ मीटर खोटं बोलतात. एका बाजूने जवळपास दुप्पट आकडा आणि प्रोब उलटे केले की शून्य. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा ९ व्होल्टच्या अडॅप्टरमधून २० व्होल्ट एसी येतोय म्हणून घाबरलो होतो. खरा एसी असेल तर प्रोब उलटे करूनही तोच आकडा येतो. हीच परीक्षा समजा.

पूर्ण शून्य येत असेल तर अडॅप्टर भिंतीतून काढा आणि भिंतीत जाणाऱ्या त्याच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल तर काहीतरी आकडा येतो, २३० व्होल्टच्या छोट्या अडॅप्टरला काहीशे ओहम किंवा जास्त. डावीकडे नुसता १ दिसला तर आतली गुंडाळी किंवा तिच्यातला थर्मल फ्यूज गेला. हा अडॅप्टर दुरुस्त करत बसू नका, नवा घ्या.

परदेशातून आलेला गेम

माझ्या आतेभावाने अमेरिकेतून येताना त्याचा लहानपणचा एनईएस आणला. मोठ्या उत्साहाने त्याने अडॅप्टर भिंतीत घातला, तोही ट्रॅव्हल प्लग लावून. ट्रॅव्हल प्लग फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही! तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. अडॅप्टर गुरगुरला, तापला आणि बंद पडला. नशीब एवढंच की त्याने दुसरं टोक अजून एनईएसला लावलं नव्हतं.

जपानच्या कन्सोलची तर आणखी काळजी, तिथे १०० व्होल्ट. आत सप्लाय असलेला जपानी किंवा अमेरिकन प्लेस्टेशन असेल तर मागचं लेबल वाचल्याशिवाय भिंतीत लावू नका. अशांना स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. बाहेर अडॅप्टर असलेल्यांना तोही नको, योग्य व्होल्टेज आणि पोलॅरिटीचा इथला अडॅप्टर लावला की झालं. आतेभावाच्या एनईएसला आम्ही ९ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा डीसी अडॅप्टर लावला. ब्रिजमध्ये सुमारे दीड व्होल्ट जातात, साडेसात उरतात, आणि त्यातल्या ७८०५ ला ५ व्होल्ट द्यायला साधारण ७ लागतात. काठावर पास, पण पास.

अँपिअरबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो. अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो. कन्सोल त्यातून लागतील तेवढेच घेतो. ८५० मिलिअँपिअरच्या जागी २ अँपिअरचा चालेल, ३०० चा चालणार नाही. व्होल्टच्या बाबतीत हा न्याय लावू नका.

७८०५, तीन पायांचा चौकीदार

अडॅप्टर ठणठणीत आहे, तरी गेम मेलेला. आता कन्सोल उघडायचा. अडॅप्टर काढा, प्रत्येक स्क्रू काढण्याआधी फोनने फोटो काढा, कारण वायरी कुठे होत्या ते तासाभराने आठवत नाही.

आत अॅल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूने लावलेला तीन पायांचा काळा भाग दिसेल. हा ७८०५. अटारी २६००, एनईएस, फॅमिकॉम, मेगा ड्राइव्ह आणि आपले नकली टीव्ही गेम, सगळ्यांत हा किंवा याचा भाऊबंद असतो. बाहेरून ९-१० व्होल्ट घ्यायचे, आत चिपांना बरोबर ५ द्यायचे आणि उरलेले उष्णतेत घालवायचे, हे याचं काम. ९ व्होल्ट आत आणि अर्धा अँपिअर करंट असेल तर (९ वजा ५) गुणिले ०.५, म्हणजे २ वॉट उष्णता. १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला की तीच साडेतीन वॉट. "१२ वर पण चालतो की" म्हणणाऱ्यांचा गेम अर्ध्या तासाने का रीसेट होतो, ते इथे आहे.

अक्षरं तुमच्याकडे करून धरला तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. अडॅप्टर लावा, स्विच ऑन, काळा प्रोब मधल्या पायावर. डावीकडे ७ पेक्षा जास्त आणि उजवीकडे ४.८ ते ५.२ च्या दरम्यान असेल तर सप्लाय चांगला आहे, दोष पुढे कुठेतरी आहे. डावीकडेच शून्य असेल तर जॅकची सोल्डरिंग तडकली असेल किंवा स्विच खराब असेल. जॅकच्या पायांवर टॉर्च तिरका मारून बघा, तडा गोल रेघेसारखा दिसतो. डावीकडे ९ आणि उजवीकडे शून्य किंवा २-३ असेल तर एकतर ७८०५ गेला किंवा पुढे शॉर्ट आहे. नवा ७८०५ दहा-पंधरा रुपयांचा. बदलताना पत्र्याला लावायची पांढरी पेस्ट विसरू नका. शेजारचा मोठा कपॅसिटरही त्याच वेळी बदला. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ डिग्रीचा, आणि वजा खुणेची पट्टी जुन्याच्या जागीच.

लेबल नसलेल्या गेमची पोलॅरिटी ओळखायलाही हाच ७८०५ कामाला येतो. अडॅप्टर काढलेला, स्विच ऑन स्थितीत, मीटर बीपवर. एक प्रोब ७८०५ च्या मधल्या पायावर, दुसरा आधी जॅकच्या मधल्या काडीला आणि मग बाहेरच्या पत्तीला. जिथे बीप वाजेल ती बाजू निगेटिव्ह. कुठेच वाजली नाही तर आत एनईएससारखा ब्रिज असण्याची शक्यता आहे. हे मला आधी माहीत असतं तर ती माळ्यावरची दुपार वेगळी गेली असती.

इथे हात लावू नका

प्लेस्टेशन, सॅटर्न, ड्रीमकास्ट यांचा सप्लाय आतच असतो. आधी भिंतीची वायर बदलून बघा, आठच्या आकाराची ती दोन पिनांची वायर जुन्या टेपरेकॉर्डरचीही चालते. त्यापुढचं काम मात्र वेगळ्या जातीचं आहे. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर २३० एसीचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि वायर काढल्यावरही ते काही वेळ तिथेच राहू शकतात. मी एकदा वायर काढून अर्ध्या मिनिटात असा बोर्ड उचलला. बोट चुकीच्या जागी लागलं, हात इतका झटकला गेला की बोर्ड खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडला. कोपरापर्यंत मुंग्या तासभर होत्या. त्या दिवशी घरात दुसरं कोणी नव्हतं, हे मला रात्री आठवलं आणि झोप लागली नाही. म्हणून स्पष्ट सांगतो, तुम्ही शाळा-कॉलेजात असाल आणि शेजारी या कामातलं जाणकार माणूस नसेल, तर हा बोर्ड उघडू नका. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, त्याच्यासाठी हे रोजचं काम आहे. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा घालणाऱ्याकडून तो परत घ्या.

ड्रीमकास्ट खेळता खेळता आपोआप रीसेट होत असेल तर बहुतेकदा सप्लाय बोर्ड आणि मुख्य बोर्ड यांच्यामधल्या पिनांवर मळ किंवा गंज चढलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने त्या पुसल्या की गेम सुधारतो. पण तिथे पोचायचं तर सप्लाय बोर्ड काढावाच लागतो, तेव्हा वरचा नियम इथेही लागू.

गेमसाठी कमोडोर ६४ बाळगणारेही कोणी असतील. त्याच्या मूळ काळ्या सप्लायमधला रेग्युलेटर बिघडतो तेव्हा बंद पडत नाही, ५ च्या वर व्होल्टेज सोडतो आणि मेमरी चिपा मारतो. सप्लाय आत राळेने भरलेला, उघडताही येत नाही. तो जुना ठोकळा न वापरणंच बरं.

दादाच्या गेमचं काय झालं? ७८०५ शॉर्ट झाला होता, तो बदलला. कपॅसिटर फुगला होता, तोही बदलला. उजव्या पायावर ५.०१ व्होल्ट आले, लाल दिवा लागला आणि मी ओरडलोच. पण टीव्ही काळाच राहिला. या नकली गेममध्ये सगळा मेंदू काळ्या डांबराच्या एका थेंबाखाली असतो, तो उलट्या व्होल्टेजने गेला होता आणि तो बदलता येत नाही. दादाला फोन करून सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "कॅसेट आहेत ना रे?" कॅसेट होत्या. गेल्या दिवाळीआधी पुण्याच्या जुन्या बाजारात तसलाच एक गेम चारशे रुपयांना मिळाला, अडॅप्टरसकट. घरी आणून आधी बीप घेतली, मग अडॅप्टर मोजला, मग लोड दिला. आता त्या अडॅप्टरवर पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर पेनाने लिहिलंय: दादाचा गेम, ९ व्होल्ट, मधला निगेटिव्ह, मोकळा १३.१, लोडवर ९.२. राऊटरच्या अडॅप्टरवरही एक पट्टी लावलीय.